बहिरी ससाणा बहिरा असतो का?

गेली बरीच वर्षे सुटीच्या दिवशी पहाटे मी लोकांना पक्षी दाखवायला नेतो. दुर्बिणीतून काय दिसले यापेक्षा जे दिसले त्याला ते नाव का पडले याचीच चौकशी अधिक होते, आणि त्या चौकशीत एक प्रश्न हमखास असतो: बहिरी ससाणा खरोखरच बहिरा असतो का? तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, नसतो; त्याला उत्तम ऐकू येते. मात्र उत्तर एवढ्यावर थांबवले, तर मग ते नाव कोठून आले हा मूळ प्रश्न तसाच राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पूर्वी मी या प्रश्नाला फार ठामपणे चुकीचे उत्तर देत असे. हा ससाणा भक्ष्यावर झडप घालताना ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येतो. त्या वेगात त्याच्या कानांत वारा भरतो आणि त्याला काहीही ऐकू येत नाही, म्हणून तो बहिरी, असे स्पष्टीकरण मी स्वतःच रचले होते. ते इतके पटण्यासारखे होते, की ऐकणारे माना डोलवत आणि मलाही हळूहळू ते कोठेतरी वाचल्यासारखे वाटू लागले होते. एका फेरीत उर्दू जाणणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि परतीच्या वाटेवर मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बहरी म्हणजे समुद्राचा. तुम्ही त्यातून बहिरा कोठून काढलात?"

अरबीत बह्र म्हणजे समुद्र. बहारीन या देशाच्या नावातही तोच शब्द असून त्या नावाचा अर्थ 'दोन समुद्र' असा होतो. ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करवणाऱ्यांच्या बोलीत बहरी म्हणजे समुद्राकडचा, किनाऱ्यावर आढळणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे येणारा हा ससाणा किनारे, खाड्या आणि मोठी तळी धरून राहतो, कारण त्याला लागणारी बदके आणि पाणपक्षी तेथेच असतात. मराठी जिभेने बहरीचे बहिरी केले आणि त्याबरोबर बिचाऱ्याला एक व्यंगही चिकटवले. खरे तर व्याकरणानेच मला सावध करायला हवे होते. ससाणा हा शब्द पुल्लिंगी आहे. तो ऐकू न येणारा असता, तर आपण त्याला 'बहिरा ससाणा' म्हटले असते. 'बहिरी' हे विशेषण सरकारी, जंगली, सुरती या जातीचे आहे आणि लिंग बदलले तरी ते बदलत नाही. मराठी ही माझी मातृभाषा असूनही ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

शिक्रा, बाज, शाहीन, तुरुमती ही नावेही त्याच शिकारखान्यातून फारसी-तुर्की वाटेने आपल्याकडे आली. ससाणा हा शब्द मात्र घरचा आहे. संस्कृतात श्येन पक्ष्याला शशादन असेही म्हणतात. शश म्हणजे ससा आणि अदन म्हणजे खाणे. त्या शशादनाचा झिजून ससाणा झाला. आता गंमत अशी, की बहिरी ससाणा सशांच्या वाटेला सहसा जात नाही. तो उडते पक्षी हवेतच पकडतो आणि प्रामुख्याने त्यांवरच जगतो. म्हणजे नावाचा शब्दशः अर्थ 'समुद्रावरचा ससेखाऊ' असा होतो, आणि कड्यावर बसून पारव्याच्या मागे सुटणारा पक्षी पाहताना त्या अर्थाचा काडीचाही उपयोग होत नाही. युरोपात त्याच पक्ष्याला लॅटिन भाषेत पेरेग्रिनस, म्हणजे परदेशी, वाटसरू, असे नाव मिळाले. किनाऱ्यावर भेटला त्याने समुद्राचा म्हटले, स्थलांतराच्या वाटेवर भेटला त्याने परदेशी म्हटले. नावातून पक्षी कळेल अशी अपेक्षा आपण ठेवतो. कळतो तो नाव ठेवणारा, तो कोठे उभा होता आणि त्याच्या कानांवर काय पडले, एवढेच.

कानांवरून आठवले. पक्ष्यांच्या नावांचा सर्वांत मोठा साठा आवाजातून आलेला आहे, आणि हे निरीक्षण माझे नव्हे, यास्काचार्यांचे आहे. निरुक्त या वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या त्यांच्या प्राचीन ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात ते 'काक' शब्दाविषयी म्हणतात: "काक इति शब्दानुकृतिः, तदिदं शकुनिषु बहुलम्." काक हे आवाजाचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांमध्ये असे पुष्कळ आढळते. इतके नेमके आणि इतके आटोपशीर विधान करून ते थांबले असते तरी चालले असते; पण लगेच पुढे ते औपमन्यव नावाच्या आचार्यांचे विरुद्ध मत नोंदवतात. औपमन्यवांच्या मते आवाजाचे अनुकरण असे काही नसतेच. मग काकाचा अर्थ काय? तर 'अपकालयितव्य', म्हणजे हुसकून लावण्याजोगा. त्यामागोमाग तित्तिरीची, म्हणजे तितराचीही व्युत्पत्ती येते: उड्या मारीत जातो म्हणून, किंवा अंगावर तिळाएवढे ठिपके आहेत म्हणून. कपिंजल या पक्ष्याच्या नावाला तर एकाच दमात चार पर्याय दिले आहेत, त्यांत 'म्हाताऱ्या माकडासारख्या रंगाचा' हाही एक आहे. यास्क बरोबर आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण औपमन्यव मला जवळचे वाटतात. आवाजापुढे हार न मानता प्रत्येक नावातून अर्थ पिळून काढण्याची त्यांची जिद्द आणि वाऱ्याने कान भरलेला माझा ससाणा, ही दोन्ही एकाच कुळातली.

काकाला ला-प्रत्यय लागून कावळा झाला, तरी त्यातली काव काव गेली नाही. अमरकोशाने कावळ्याला 'आत्मघोष' असेही नाव दिले आहे, म्हणजे स्वतःच्याच नावाचा घोष करणारा. आवाजावरून नाव पडते हे तत्त्व एवढ्या नेटकेपणाने दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. त्याच कोशात कावळा 'परभृत्' आहे आणि कोकिळ 'परभृत'. एक दुसऱ्याला पोसणारा, दुसरा दुसऱ्याकडून पोसला गेलेला. कावळ्याच्या घरट्यातले सगळे नाटक एका पाय मोडलेल्या 'त'मध्ये मावले आहे. टिटवी संस्कृतातही टिट्टिभच होती. डोक्यावर पंख्यासारखा तुरा उभारणाऱ्या हुप्प्याला अरबीत हुदहुद म्हणतात, आणि त्याचे शास्त्रीय नाव 'उपुपा एपॉप्स' असे आहे, ज्यातला पहिला शब्द लॅटिन आणि दुसरा ग्रीक असून दोन्हींचा अर्थ तोच पक्षी आणि दोन्हींत आवाज तोच. एका पक्ष्याने चार भाषांत आपले नाव स्वतःच लिहून द्यावे, असे हे उदाहरण आहे.

आवाज एक असला तरी कान एक नसतात, आणि याची खात्री पटवायला पावशा पुरेसा आहे. उन्हाळा संपत आला, की हा पक्षी तीन ठेक्यांची हाक देऊ लागतो आणि प्रत्येक हाकेला सूर एकेक पायरी वर चढवीत नेतो, इतका, की आता याचा गळा फाटणार असे वाटेपर्यंत. मग एकदम थांबतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा खालपासून सुरुवात करतो. चांदण्या रात्रीही त्याचे हे चालू असते. मराठी शेतकऱ्याने त्यात 'पेरते व्हा' ऐकले. लिहिताना यात चार अक्षरे दिसतात, पण बोलताना आपण 'पेर्ते व्हा' असेच म्हणतो आणि तीन ठेके बिनचूक जुळतात. हिंदी कानांनी त्याच हाकेत 'पी कहाँ' ऐकले, म्हणजे विरहिणी ऐकली. बंगाली माणसाने 'चोख गेलो' ऐकले, म्हणजे डोळा गेला. आणि उकाड्याने हैराण झालेल्या, झोप न लागणाऱ्या इंग्रजाने 'ब्रेन फीवर' ऐकले, म्हणजे मेंदूज्वर. पक्षी एकच आणि सूरही तेच, फक्त ऐकणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालले होते ते वेगळे. ज्याला पेरणीची घाई होती त्याने पेरणी ऐकली, आणि पक्ष्याचे नावही पावसावरून ठेवले. मी स्वतः कितीही प्रयत्न केला तरी आता मला त्यात 'पेरते व्हा'शिवाय दुसरे काही ऐकू येत नाही. नाव एकदा कानात बसले, की आवाजच त्या साच्यात येऊन पडतो.

आवाज आणि सवयी यांची सांगड घालून पक्ष्यांना धंद्यांवरून नावे देण्याची मराठीला हौस दिसते. तांबट भर दुपारी झाडाच्या शेंड्यावर बसून टुक टुक टुक असा एकसारखा ठोका देतो. इंग्रजीतही तो तांबटच आहे. खाटीक हा दिसायला लहानसा पक्षी नाकतोडे, सरडे पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. इंग्रजीतले त्याचे एक नाव खाटीक असेच आहे आणि शास्त्रीय नावातला 'लॅनियस' हा लॅटिन शब्दही खाटीकच. येथे कोणी कोणाचे पाहून नाव ठेवले असे म्हणण्याची गरज नाही, काट्याला लटकलेला सरडा पाहिला की कोणालाही दुसरे काही सुचणार नाही. पाण्याच्या काठी शेपटी वरखाली हलवीत फिरणाऱ्या पक्ष्याला आपण धोबी म्हणतो, कारण धुण्याच्या जागी तो हटकून असतो आणि त्याच्या शेपटीची हालचाल कपडे आपटल्यासारखी दिसते. स्पॅनिश भाषेत त्याला 'लावांदेरा' म्हणतात, आणि त्याचाही अर्थ धुणे धुणारी. पाणकावळा हा तर नात्याने कावळ्याचा कोणीच लागत नाही, पण इंग्रजीतले 'कॉर्मोरंट' हे नावही मुळात लॅटिनमधला 'समुद्रकावळा' आहे. काळा पक्षी पाण्यात दिसला की दोन टोकांच्या माणसांना कावळाच आठवला.

शिंप्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. पानांच्या कडा शिवून त्यांची पिशवी करणाऱ्या या इवल्याशा पक्ष्याला आपण शिंपी म्हणतो आणि इंग्रजही शिंपीच म्हणतात. शास्त्रीय नावात मात्र 'सुटोरियस' आले आहे, आणि लॅटिनमध्ये सुटोर म्हणजे चांभार. मला हे नाव आधी चुकीचे वाटत असे. नंतर एकदा वादळात गळून पडलेले एक रिकामे घरटे हातात आले, तेव्हा ते निरखून पाहिले. शिंपी घालतो तसा सलग टाका त्यात कोठेही नव्हता. पानाच्या कडेला चोचीने पाडलेली भोके होती, आणि प्रत्येक भोकातून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा एक स्वतंत्र तंतू ओढून बाहेरच्या अंगाला त्याचे टोक पिंजून फुगवलेले होते, म्हणजे ते मागे सरकू नये. हे आरीचे काम आहे, सुईचे नव्हे. लॅटिन नाव ठेवणाऱ्याने हे पाहिले होते की शब्द सुचला तसा वापरला, याच्याशी मला कर्तव्य नाही. घरटे पाहिल्यापासून माझे मत चांभाराच्या बाजूने आहे.

कोतवालाबद्दल मात्र इंग्रजीपेक्षा मराठी सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजांनी त्याला 'राजा कावळा' म्हटले. तो कावळा नाही आणि राज्यही करीत नाही. तो घारीला, कावळ्याला, आपल्याहून कितीतरी मोठ्या पक्ष्यांना आपल्या झाडाच्या हद्दीबाहेर हाकलून देतो, आणि त्या पहाऱ्याचा फायदा घेऊन इतर लहान पक्षी त्याच झाडावर निर्धास्त घरटी करतात. हे काम राजाचे नव्हे, कोतवालाचेच.

आता सुगरण. हा प्रश्नही मला पुष्कळदा विचारला जातो, आणि विचारणाऱ्या बहुधा स्त्रिया असतात: ते घरटे नर बांधतो, मग नाव सुगरण कसे? प्रश्न रास्त आहे. सुगृहिणीचे सुगरीण आणि सुगरण झाले. चांगले घर करणारी ती सुगरण. विहिरीवर झुकलेल्या फांदीला लोंबणारे ते विणकाम पाहून, असे घर बाईच्या हातूनच व्हायचे, असे कोणाला तरी वाटले आणि नाव पडले. प्रत्यक्षात पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या पात्यांच्या आणि झावळीच्या पट्ट्या चोचीने सोलून आणतो, त्यासाठी शेकडो फेऱ्या घालतो आणि अर्धवट, शिरस्त्राणाच्या आकाराचे घरटे तयार झाले, की त्याला लोंबकळून पंख फडफडवीत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत डोकावते, विणकाम ओढून पाहते आणि पसंत न पडल्यास निघून जाते. पसंत पडले, तरच नर खालची नळी विणून घरटे पुरे करतो; पसंत न पडलेली अर्धी घरटी तशीच लोंबत राहतात. तेव्हा घर बांधणारा तो असला, तरी घर कसे असावे हे कळणारी ती असते. 'सुगरण' या नावाचे समर्थन करायचे असेल तर ते असे करता येईल, पण हे समर्थन औपमन्यवी आहे, हे मी आधीच कबूल करतो. शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला दिलेल्या नावात 'फिलिपिनस' आहे आणि फिलिपिन्स हे काही त्याचे मूळ घर नव्हे. त्यामानाने आपली चूक किरकोळ म्हटली पाहिजे.

मराठी नाव पूर्ण जातीला एकच लिंग देऊन टाकते, त्यातूनही असे गोंधळ होतात. चिमणी स्त्रीलिंगी, कावळा पुल्लिंगी, घुबड नपुंसकलिंगी. वसंतात गाणारी कोकिळा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, पण कुहू कुहू करणारा असतो काळाभोर नर. ठिपक्याठिपक्यांची मादी फक्त किक् किक् किक् असा तीक्ष्ण आवाज काढीत एका झाडातून दुसऱ्या झाडात निघून जाते. उत्तम गाणाऱ्या बाईला कोकिळेची उपमा देणे यापुढे थांबेल असे मला वाटत नाही, आणि थांबावे असेही नाही. लांडोरीचे नाव मात्र अगदी सरळ आहे: लांडा मोर, म्हणजे पिसारा नसलेला. मादीचे वर्णन तिच्याजवळ काय नाही यावरून करण्याचा हा प्रकार मला फारसा आवडत नाही, पण शब्द सुंदर आहे हे नाकारता येत नाही.

काही नावे एका पक्ष्यावरून उडून दुसऱ्यावर जाऊन बसली आहेत. फारसी काव्यातला बुलबुल वेगळा, तो रात्री गाणारा, साध्या तपकिरी रंगाचा पक्षी आहे. आपल्याकडे ते नाव दुसऱ्याच कुळातल्या, शेपटीखाली तांबडा ठिपका असलेल्या पक्ष्याला मिळाले आणि मराठीने त्याला कसलीही भीड न बाळगता 'लालबुड्या' असे विशेषण लावले. मुले हे नाव ऐकून हसतात आणि म्हणूनच ते कधी विसरत नाहीत. भारद्वाजाचेही असेच झाले. संस्कृत कोशांत भरद्वाज हा पक्षी म्हणजे चंडोल, आकाशात उंच चढून गाणारा. मराठीत भारद्वाज म्हणजे तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, झुडपांच्या बुडाशी दबकत चालणारा पक्षी. त्याला कुंभारकावळा असेही म्हणतात आणि इंग्रजीत 'क्रो फेझंट', म्हणजे कावळा-तितर अशा थाटाचे नाव आहे. तो कोकिळेच्या कुळातला आहे. मात्र त्या कुळातला असूनही तो आपली अंडी स्वतःच उबवतो. हंसाचा प्रवास याहून लांबचा आहे. संस्कृत हंस, लॅटिन आन्सर, जर्मन गान्स आणि इंग्रजी गूस हे एकाच मुळाचे शब्द आहेत, आणि त्या सगळ्यांचा अर्थ कलहंस, म्हणजे रानबदकांहून मोठा, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा करडा पक्षी. लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी ही चित्रकारांनी घातलेली भर आहे.

अशा वेळी कोणते नाव खरे मानायचे? यावरही जुन्या लोकांनी विचार करून ठेवला आहे. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील शाबरभाष्यात पिक, नेम, सत आणि तामरस असे चार शब्द चर्चेला घेतले आहेत. हे शब्द आर्यांच्या व्यवहारात रूढ नव्हते, म्लेच्छ ते वापरत. प्रश्न असा, की त्यांचा अर्थ धातू-प्रत्यय लावून, व्याकरण आणि निरुक्ताच्या जोरावर आपण ठरवावा, की म्लेच्छ ज्या अर्थाने वापरतात तो स्वीकारावा? निर्णय म्लेच्छांच्या बाजूने दिला आहे: ज्यांच्या तोंडी शब्द आहे त्यांना जो अर्थ अभिप्रेत आहे तोच अर्थ. म्हणून पिक म्हणजे कोकिळ. परतीच्या वाटेवर त्या उर्दू जाणणाऱ्या गृहस्थांनी मला हाच निर्णय ऐकवला होता; बहिरीचा अर्थ बहिरी म्हणणाऱ्यांना विचारायचा असतो, तो आपल्या डोक्यातून काढायचा नसतो.

अर्थात आधुनिक नावांच्या बाबतीत विचारायला जावे तेथेही गमती आहेत. लाल मुनियेच्या शास्त्रीय नावातला 'अमंडावा' म्हणजे अहमदाबाद. तेथून हे पक्षी पिंजऱ्यांत घालून परदेशी जात आणि गावाचे नाव मोडून तोडून पक्ष्याला लागले. नवरंगाचे इंग्रजी आणि शास्त्रीय नाव 'पिट्टा' आहे, आणि तेलुगूत पिट्ट म्हणजे नुसते लहान पाखरू. नऊ रंग मिरवणाऱ्या पक्ष्याला जगभर 'पाखरू' याच नावाने ओळखतात. मराठीतला गप्पीदासही मला संशयास्पद वाटतो. इंग्रजीतले 'स्टोनचॅट' हे नाव दोन दगड एकमेकांवर आपटल्यासारख्या त्याच्या आवाजावरून आले आहे. माझा तर्क असा, की मराठी नाव ठेवणाऱ्याने त्यातल्या चॅटचा अर्थ गप्पा असा घेतला. तर्क चुकीचा ठरला तरी हरकत नाही, पण झुडपाच्या शेंड्यावर एकटाच बसणाऱ्या या अबोल पक्ष्याला गप्पीदास म्हणताना मला दर वेळी हसू येते.

माणसांची नावे पक्ष्यांना देण्याची युरोपीय रीत अलीकडे वादात सापडली आहे. अमेरिकेतील पक्षिशास्त्र संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या अखत्यारीतील अशी सर्व इंग्रजी नावे बदलण्याचे ठरवले. आपल्या रानपिंगळ्याच्या शास्त्रीय नावात ब्लेविट आहे, कारण इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा नमुना ब्लेविटने मिळवला होता. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीलायक नोंद नव्हती. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. ब्लेविट कोण, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. रानपिंगळा म्हटले की रान कळते आणि पिंगट रंगही कळतो.

नुसत्या पाहण्यातून आलेल्या नावांत माझे सर्वांत आवडते नाव एका बदकाचे आहे. हे बदक लांबून पाहिले तर मळकट, खवल्याखवल्यांचे आणि अगदी सामान्य दिसते. उन्हे कोवळी असताना, दुर्बीण स्थिर करून फक्त त्याची चोच पाहावी. चोच काळी असते आणि तिचे टोक पिवळेधमक, हळदीच्या बोटाने टेकवल्यासारखे. आणि जेथे चोच कपाळाला मिळते तेथे दोन्ही बाजूंना एकेक लाल ठिपका. मराठीत याला हळदीकुंकू बदक म्हणतात. इंग्रजी नावाचा अर्थ ठिपक्यांच्या चोचीचे आणि शास्त्रीय नावाचा अर्थ रंगीबेरंगी चोचीचे असा आहे. चोच तिघांनीही पाहिली, नोंदही बरोबर केली, पण ज्याने हळदीकुंकू म्हटले त्याच्या नावानंतर ते बदक पुन्हा कोणाला ओळखून द्यावे लागत नाही.

बहिरीचा खुलासा संपला, की कोणीतरी पुढचा प्रश्न विचारतेच: मग वेडा राघू तरी वेडा असतो का? तेव्हा मी बोलणे थांबवतो आणि जवळच्या तारेकडे बोट दाखवतो. राघू म्हणजे पोपट. हा पोपट नाही, पण तसाच हिरवा असल्यामुळे राघू झाला. तारेवरून तो एकदम सुटतो, हवेत गिरकी घेतो, मध्येच उलटतो, कशासाठी ते आपल्याला दिसत नाही, आणि निघाला होता त्याच जागी परत येऊन बसतो. आता चोचीत मधमाशी असते. ती तो तारेवर आपटतो, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, मग तिचे बूड तारेवर घासून नांगी काढून टाकतो, एकदा हवेत किंचित उडवून चोचीत सरळ धरतो आणि गिळतो. मग मान तिरकी करून पुन्हा आकाशाकडे पाहत बसतो.